शॉवरच्या दारापलीकडचे मुकादमभाई

माझ्या मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा बाथरूममध्ये मोठ्या हौसेने काचेचं सरकतं दार बसवून घेतलं. वर्ष व्हायच्या आत ते अडायला लागलं. दुरुस्तीला आलेला माणूस दार हलवून बघतो न बघतो तोच म्हणाला, पूर्ण सेट बदलावा लागेल. मी मागून म्हटलं, आधी खालची पट्टी साफ करा, मग जमिनीला उतार कुठे आहे ते बघा, आणि दाराला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. तो माझ्याकडे बघतच राहिला. चिन्मय म्हणाला, "आई, तुला यातलं काय कळतं?" मला यातलं काही कळत नाही. मुकादमभाईंना कळायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही बेताचंच कळायचं.

चिन्मयला मुकादमभाई आठवणं शक्य नाही. आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात तो तान्हा होता. आम्ही सौदी अरेबियात, कतीफच्या पुढे जुबैलच्या रस्त्याला, एका कंपनीच्या कॅम्पात राहत होतो. कॅम्प म्हणजे वाळूत दोन ओळींनी मांडलेले ट्रेलर. अमेरिकन माणसं सुट्टीत गाडीमागे जोडून फिरायला नेतात ना, तसले. कंपनीने ते कुठूनतरी जुने उचलले होते, चाकं काढून जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यांवर बसवले होते. आत सगळं होतं, पण सगळं एकाला एक चिकटून. ओट्यापाशी उभं राहून हात मागे केला की पलंग लागायचा, आणि पलंगाच्या पायथ्याशी शॉवर. उभ्या कपाटाएवढी जागा, तिला धुरकट प्लास्टिकचं सरकतं दार. सांगलीच्या घरातून मी त्या डब्यात येऊन पडले तेव्हा पहिले चार दिवस नुसती रडत होते. अविनाश, माझा नवरा, प्लांटवर बारा-बारा तास कामाला. मी आणि एसीची घरघर.

पाचव्या दिवशी सकाळी बाहेर कोणीतरी खोकलं. घसा खराब असल्यावर खोकतात तसं नव्हे, आपण आल्याची वर्दी देणारं खोकणं. दार उघडलं तर पायरीपासून चांगलं अंतर राखून एक उंच, हडकुळे गृहस्थ उभे. सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि नजर माझ्याकडे नाही, पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे.

"अविनाशराव हायत काय घरात?"

मी म्हटलं, कामावर गेलेत. त्यावर त्यांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली, "कतीफची मेथी हाय, ताजी," एवढं टाकीलाच सांगितलं आणि चालू लागले. मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं की आत या म्हणायचं राहूनच गेलं. म्हटलं असतं तरी ते आले नसते.

हे इस्माईल मुकादम. दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका गावचे, पन्नाशी ओलांडलेले, कंपनीच्या स्टोअरचे स्टोअरकीपर. आमच्या ओळीत शेवटच्या ट्रेलरमध्ये एकटे राहायचे. बायको-मुलं गावी. दर दोन वर्षांनी सुट्टीवर जायचे, तेही कफिलाच्या, म्हणजे तिथल्या अरब मालकाच्या, मनात असेल तर. शुक्रवारी कंपनीची बस कतीफच्या बाजारात जायची, तिथून ते सगळ्या कॅम्पासाठी मासळी आणायचे आणि घरोघर पोचवायचे. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यासाठी भाजी. मासळी उजव्या हातात, आमची पिशवी डाव्या हातात, आणि बसमध्येही दोन पिशव्या दोन वेगळ्या सीटखाली. हे मला अविनाशने सांगितलं. मुकादमभाई स्वतः कधी बोलले नाहीत.

त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला मी एकदाच पाहिला. घरचा पुरुष घरात नसला तर ते पायरी चढायचे नाहीत. पुरुष असला तरी आत आल्याबरोबर बाहेरचं दार सताड उघडं ठेवायचे आणि ते वाऱ्याने मिटू नये म्हणून स्वतःची चप्पल काढून फटीत अडकवायचे. उन्हाळा असो, थंडी असो, वाळूचं वादळ असो. वरणात वाळू येते म्हणून मी सुरुवातीला भयंकर चिडायचे. एकदा बोललेच, की मुकादमभाई, या रानात आपल्याला कोण बघतंय? ते म्हणाले, "कोण बघत नाय म्हणून तर, भाभी." त्यापुढे मी वरणावर झाकण ठेवायला शिकले.

आता शॉवरच्या दाराकडे येते. आम्हा भारतीय मंडळींना शॉवरखाली उभं राहून आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. त्यात तिथल्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी नळातून असं यायचं की चहा करावा. मग आम्ही सगळे काय करायचो, तर रात्री बादली भरून ठेवायची, ती एसीच्या गारव्यात निवायची आणि सकाळी लोट्याने आंघोळ करायची. शॉवरमध्ये बादलीला जागा नाही, म्हणून ती ठेवायची उंबरठ्यावर. तो उंबरठा म्हणजे ॲल्युमिनियमची खाचवाली पट्टी, जिच्यात दार सरकतं. रोज रात्री भरलेली बादली तिच्यावर. पट्टी दबली, खाच मिटली, वर खाऱ्या पाण्याचा चुना आणि साबण बसला, आणि दार निम्म्यावर येऊन जे अडायचं ते लाथ घातल्याशिवाय हलायचं नाही.

अविनाशने मुकादमभाईंना दाखवलं. ते वाकून बसले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बादली हितंच ठेवता ना?" मी शरमले. ते म्हणाले, शरमायचं काय त्यात, कॅम्पातल्या ज्या ज्या ट्रेलरमध्ये हिंदुस्तानी राहतो त्या प्रत्येकाची पट्टी अशीच हाय. त्यांची स्वतःचीसुद्धा. त्यांनी तर कंटाळून आपल्या न्हाणीचं दार काढूनच टाकलं होतं, आणि दोन विटांवर आडवं ठेवून त्यावर मासळी साफ करायचे. ज्याने स्वतःच्या दाराचं असं केलं तो आमच्या दाराचं काय करणार, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो अगदीच चुकीचा ठरला नाही.

त्यांची पहिली दुरुस्ती म्हणजे सिरका, आपलं व्हिनेगर. बाटलीभर सिरका ओतून त्यांनी चुना विरघळवला, दात घासायच्या जुन्या ब्रशने खाच घासली, पक्कडीने पट्टीची कड वर उचलली आणि सदऱ्याच्या खिशातून मेणबत्तीचं थोटूक काढून खाचेत घासलं. ते थोटूक त्यांच्या खिशात कायम असायचं. ड्रॉवर अडला, कुलूप अडलं, पँटची चेन अडली, मुकादमभाईंचं औषध एकच. दार सर्रकन सरकलं. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे अविनाश आंघोळीला गेला, दार सर्रकन लागलं, आणि मग काही केल्या उघडेना. अंगाला साबण, बाहेर शिफ्टची बस हॉर्न मारतेय, मी या बाजूने ओढतेय, तो त्या बाजूने. शेवटी ड्रायव्हरने मुकादमभाईंना हाक मारून आणलं. ते आले, चप्पल दारात अडकवली आणि शांतपणे अविनाशला दारापलीकडून विचारू लागले, काल लावलेलं मेण साबणाने निघालं काय? दारातून अविनाशने जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

त्यांची ही खोडच होती. गोष्ट बिघडली की त्यांना तिचा राग यायचा नाही, तिच्याबद्दल कुतूहल वाटायचं. तिकडे प्रत्येकाच्या तोंडी एक शब्द असतो, खलास. गाडी बंद पडली, खलास. पगार संपला, खलास. नोकरी गेली, खलास. मुकादमभाईंना हा शब्द खपायचा नाही. स्टोअरमध्ये कोणी मोडका पंखा आणून "खलास" म्हणून टाकला की ते म्हणायचे, "खलास नाय. थांबलाय." आणि तो पंखा मागच्या फळीवर ठेवायचे. त्या फळीवर थांबलेल्या गोष्टींचा केवढा मोठा ढीग होता. त्यातल्या फारच थोड्या पुन्हा चालल्या. पण म्हणून त्यांनी शब्द बदलला नाही.

घराबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. मी एकदा विचारलं, मुलं किती? चार, म्हणाले, आणि लगेच कतीफच्या लिंबांचा विषय काढला. मला वाटलं, असतील कमी बोलणारे. बाकीच्या बाबतीत मात्र ते काही कमी बोलायचे नाहीत, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. कॅम्पात एकच विषय. रात्रीच्या जेवणानंतर सगळे पुरुष रेडिओभोवती कोंडाळं करून बसायचे. दिवाळीनंतर बायका-मुलांची रवानगी सुरू झाली. एकेक ट्रेलर रिकामा होत गेला. मी जाऊ शकले नाही, कारण चिन्मय पोटात होता आणि दिवस भरत आले होते. इतके दिवस भरलेल्या बाईला विमानात घेत नाहीत. बाळ झालं तर त्याला पासपोर्ट नाही. पासपोर्ट आला तर देशाबाहेर जायच्या कागदावर कफिलाची सही नाही. सही झाली तेव्हा विमानं बंद. असं करत करत जानेवारी उजाडला, आणि आमच्या ओळीत बाई अशी मी एकटीच उरले, कुशीत पाच आठवड्यांचं बाळ घेऊन.

कंपनीने सूचना दिल्या. क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येऊ शकतो. भोंगा वाजला की घरातल्या एका बंद खोलीत जा, फटींना टेप लावा, दाराखाली ओला टॉवेल ठेवा, मास्क चढवा. सगळ्यांना मास्क मिळाले, मलाही. बाळाच्या मापाचा मास्क कुठेच नव्हता. अविनाशने ऑफिसात विचारलं, हॉस्पिटलात विचारलं, एका अमेरिकन शिपायालाही थांबवून विचारलं. नव्हता. आणि बंद खोली म्हणायची तर आमच्या ट्रेलरच्या खिडक्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या काचा, बंद केल्या तरी त्यातून रोज वाळू यायची. बिनखिडकीची जागा एकच, शॉवर. तिचं छतावरचं झरोक्याचं झाकण अविनाशने टेपने गच्च बंद केलं. राहिलं ते दार.

ते दार तोवर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. त्यात एक नवीन दुखणं, लावलं तरी आपोआप हळूहळू उघडायचं. अविनाशने एका सुट्टीच्या सकाळी मुकादमभाईंना बोलावलं. त्यांनी बाळाकडे एकदा बघितलं. मग दाराकडे. त्या दिवशी ते सिरका, मेण काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे एक लिंबू मागितलं आणि ते जमिनीवर मधोमध ठेवलं. अविनाश घाबरूनच गेला. तो म्हणाला, मुकादमभाई, हे उतारे-बितारे आमच्या घरात नको. मुकादमभाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लिंबू तेवढ्यात गडगडत पलंगाखालच्या कोपऱ्यात गेलं होतं. ट्रेलरचा त्या बाजूचा जॅक वाळूत खचला होता, म्हणजे घरच तिरकं, तर दार सरळ कसं राहणार? दोघांनी मिळून जॅकखाली ठोकळे सारले आणि घर वर उचललं. मी बाळाला घेऊन आत बसले होते. माझं कपाट, माझी भांडी आणि आम्ही दोघं मिळून इंच इंच वर चाललो होतो. लिंबू मधोमध थांबलं तेव्हा मुकादमभाई बाहेरून "राहिलं काय?" असं विचारत होते.

पुढचा आठवडा ते वेळ मिळेल तसे येत राहिले, अर्थात अविनाश असेल तेव्हाच. त्याच्या पाळ्या अशा, की तो घरी असला तर झोपलेला. मग मुकादमभाई एकेक ठोका असा घालायचे की नवरा जागा होऊ नये, आणि तो झोपलेला असला तरी घरात आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी वाकलेली पट्टी पूर्ण काढली, खाली लाकूड धरून ठोकून सरळ केली आणि पुन्हा बसवली. वरची चाकं झिजलेली होती. स्टोअरमध्ये क्रेनचे सुटे भाग होते, पंप होते, पण एवढंसं प्लास्टिकचं चाक नव्हतं. ते त्यांनी कुठल्याशा टेबलाच्या ड्रॉवरचं काढून घासून घासून बेताचं केलं. आणि फटींसाठी थांबलेल्या गोष्टींच्या फळीवरून एका जुन्या फ्रिजच्या दाराची रबराची पट्टी उतरवून आणली. फ्रिज गार हवा बाहेर जाऊ देत नाय, मग ही बाहेरची हवा आत येऊ देणार नाय, असं त्यांचं साधं गणित.

मधे दोन-तीनदा भोंगे वाजले होते. त्या वेळी अविनाश घरी होता आणि आम्ही दाराला आतून टेप लावून, एकमेकांना चिकटून उभे राहिलो होतो. प्रत्येक वेळी काही न होता गेलं. पण टेप लावायला लागणारा वेळ आम्हाला दोघांनाही माहीत होता, आणि मी एकटी असताना वाजलं तर काय, हे आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

त्यातच कंपनीने स्टोअरचा माल सीमेपासून लांब, पार जिझानकडे हलवायचं ठरवलं, आणि मालाबरोबर स्टोअरकीपर. ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होते. म्हणून मुकादमभाई आदल्या दिवशी पहाटेची फज्रची नमाज आटोपून तसेच आमच्याकडे आले आणि अविनाश कामावर निघायच्या आत त्यांनी रबराची पट्टी चौकटीला चिकटवली. गोंद काळा, चिकट, वाळायला पूर्ण एक दिवस-रात्र लागणारा. पट्टीसाठी जागा करायला त्यांनी दाराचं एक चाक काढून ठेवलं होतं, ते गोंद वाळल्यावर बसवायचं होतं. कसं बसवायचं ते अविनाशला दोनदा दाखवलं. मला दाराकडे बघत सांगितलं, "भाभी, उद्यापर्यंत दाराला हात लावू नका. एका चाकावर लटकलंय."

अविनाशने नंतर ते चाक बसवलं. पुढचे सगळे भोंगे आम्ही त्या दाराआड काढले, आणि मार्चमध्ये आम्ही निघेपर्यंत ते एकदाही अडलं नाही. जिझानहून मुकादमभाई परत आले असतील तर आम्ही गेल्यानंतर. आमची गाठ पुन्हा पडली नाही. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गोंद लावला त्याच दिवशी संध्याकाळी.

मगरीबची, दिवस मावळतीची नमाज होऊन थोडा वेळ झाला होता. मी कणीक मळत होते, चिन्मय पलंगावर. अविनाश सातच्या बसने येणार होता. भोंगा वाजला. मी कणकेच्या हातांनीच बाळाला उचललं आणि शॉवरपाशी जाऊन उभी राहिले. दार खुंटीला टेकवून ठेवलेलं, एका चाकावर. त्याला हात लावावा की नाही हेच मला कळेना. टेप कुठे आहे ते आठवेना. टॉवेल भिजवायला गेले तर बाळ खाली ठेवायचं कुठे कळेना. तेवढ्यात बाहेर खोकल्याचा आवाज आला.

दार उघडलं तर मुकादमभाई. धावत आलेले, गळ्यात मास्क लोंबतोय. वर भोंगा बोंबलतोय आणि हा माणूस पायरीखाली उभा राहून मला विचारतोय, "भाभी, आत येऊ काय?"

ते आत आले. क्षणभर त्यांनी मागे उघड्या दाराकडे पाहिलं आणि मग ते लावून घेतलं.

त्यांनी बादली उपडी करून शॉवरमध्ये ठेवली, मला तिच्यावर बसायला सांगितलं, टॉवेल भिजवून खाली घातला आणि दार अलगद सरकवलं. ते वरून निसटलंच. तेव्हा त्यांनी ते उचलून चौकटीवर टेकवलं आणि बाहेरून दोन्ही तळहातांनी, खांद्याने, ओल्या गोंदावर दाबून धरलं. धुरकट प्लास्टिकमधून मला त्यांची आकृती दिसत होती, आणि दोन पंजे अगदी स्पष्ट. त्यांनी मास्क चढवला. ते काहीतरी बोलत होते पण मास्कमधून नुसता घुमल्यासारखा आवाज येत होता. ती सोंडेची आकृती, तो आवाज, आणि हातात किंचाळणारं मूल. मला माझा मास्क घालवेना, त्याला नाही तर मी घालून काय करू? वाटलं, इथे कोंडून मरण्यापेक्षा बाहेर पळत सुटावं. मी उठले आणि दार ढकलायला लागले.

पलीकडे त्यांनी एक हात काढला आणि मास्क ओढून गळ्यात टाकला.

"भाभी, मी हाय. दार मी धरलंय. तुम्ही नुसतं बाळाला धरा."

मी ओरडले की मास्क घाला, आधी मास्क घाला. ते म्हणाले, "मास्क घातला तर बोलता येत नाय. आणि बोललो नाय तर तुम्ही दार उघडाल."

मी बादलीवर बसले. लांब कुठेतरी मोठा आवाज झाला, लगेच दुसरा, ट्रेलर मुळापासून हादरला, ओट्यावरची ताटं खाली पडली. ते दोन पंजे जागचे हलले नाहीत. चिन्मय आता इतक्या जोरात रडत होता की त्याचा श्वास अडकत होता. मी त्याला गप्प करत होते, थोपटत होते, चूप रे, चूप रे, तर बाहेरून मुकादमभाई म्हणाले, गप्प कशाला करता, रडतोय ते चांगलं हाय, छाती मोकळी हाय त्याची. मग ते स्वतःबद्दल बोलू लागले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, पण दाराला तोंड लावून बोलत असल्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"मला चार पोरं, भाभी. एकाच्याही जन्माला मी घरी नव्हतो. तार यायची, मी मिठाई वाटायचो. सुट्टीवर जाईपर्यंत ती चालायला लागलेली असायची. मला बघून आईच्या मागे लपायची. एवढं लहान मूल रडतं कसं, ते मी ऐकलंच नव्हतं कधी."

मी रडत होते, आणि ते भीतीचं रडणं राहिलं नव्हतं.

सारं सुरक्षित असल्याचा लांब भोंगा झाला तेव्हा त्यांनी दार उचलून बाजूला ठेवलं. त्यांच्या दोन्ही हातांना काळा गोंद लागला होता, सदऱ्याच्या खांद्यालाही. माझ्याकडे न बघता ते थेट बाहेरच्या दाराकडे गेले, ते उघडलं आणि पायरीवर जाऊन बसले. थंडी आत आली. समोरच्या ट्रेलरांतून माणसं बाहेर पडत होती, एकमेकांना हाका मारत होती, आणि मुकादमभाई सगळ्यांना दिसतील असे उजेडात बसले होते. मी म्हटलं, घरी जा आता, पहाटे निघायचंय तुम्हाला. ते म्हणाले, अविनाशराव येईपर्यंत बसतो.

चिन्मयचं रडणं थांबत नव्हतं. मी त्याला शालीत गुंडाळलं, दारात आले आणि वाकून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले. "हात खराब हायत, भाभी." मी म्हटलं, असू देत. तरी घेईनात. मग मी बाळ सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा त्यांना धरावंच लागलं. चार मुलांच्या बापाला मान कुठे धरायची, पाठीखाली हात कसा घालायचा, ते मी शिकवलं. अनोळखी हात लागताच चिन्मयने असा टाहो फोडला की समोरची माणसं वळून बघू लागली. मला वाटलं त्यांना त्रास होईल, म्हणून मी त्याला परत घ्यायला हात पुढे केले.

"राहू दे, भाभी," ते म्हणाले. "रडू दे. ऐकू दे जरा."

मी दारातच बसून राहिले. शिफ्टची बस फाटकातून आत येईपर्यंत चिन्मय रडत होता, आणि मुकादमभाई पायरीवर मान खाली घालून ऐकत होते.